चौथी ओळ

दगडावर कोरायचा मजकूर सहा फूट लांब बटर पेपरवर छापून आला. तो जेवणाच्या टेबलावर काही मावेना, आणि गोवंड्यांच्या घरात त्या रविवारचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. आमोदकाका म्हणाला, जमिनीवर पसरू.

"पसरा की," सुरुचीकाकू म्हणाली. "फरशी आत्ताच पुसली आहे. आणि तुमच्या आजोबांनी या घरातली सगळी जागा अडवली म्हणून आजवर कुणी तक्रार केली आहे का?"

शेवटी कागद हॉलभर पसरला. एका कोपऱ्यावर पोळपाट, दुसऱ्यावर लोणच्याची बरणी, तिसऱ्यावर माधवआजोबांचा भलाथोरला शब्दकोश आणि चौथ्यावर ओवीची ट्रॉफी. ट्रॉफी ओवीने स्वतःच आणून ठेवली. तिथे उलथनंसुद्धा चाललं असतं, पण दहावीतल्या मुलीला आंतरशालेय वक्तृत्वाचा पहिला नंबर मिळून जेमतेम पाच महिने झाले असतील, तर ती उलथनं का शोधेल?

शिवाय कागदावरची चौथी ओळ तिची होती.

वरच्या तीन ओळींत तिचे पणजोबा होते. 'बेचाळीसच्या लढ्यातील भूमिगत सेनानी बद्रीनाथ गोवंडे.' घरात लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणत. त्यांनी तारा तोडल्या, रूळ उखडले, इंग्रजांची चौकी पेटवली, आणि दीड वर्ष पुण्यातच राहून पुण्याच्या पोलिसांना सापडले नाहीत. त्याखाली, अक्षर तेवढंच मोठं:

'फितूर पोपट जगदाळेला संपवताना त्यांचा हात थरथरला नाही.'

हे वाक्य ओवीला आंघोळ करताना सुचलं होतं. भाषणात ते म्हणताना ती उजवा हात पुढे करून तसाच धरून ठेवायची, सरळ, न हलवता. सभागृह चिडीचूप व्हायचं. शाळेने व्हिडिओ टाकला, तो चाळीस हजार लोकांनी पाहिला, आणि मंडईमागच्या चौकात दादांचं स्मारक व्हायचं ठरल्यावर आमोदकाका म्हणाला, "हीच ओळ दगडावर जाणार." ओवी त्या दिवशी जमिनीवरून चाललीच नाही.

अर्थात भांडणही तिथूनच पेटलं. दादांना अर्धं शहर क्रांतिवीर म्हणतं आणि उरलेलं अर्धं खुनी. पोपट जगदाळेच्या नातीचा, भाग्यश्रीचा, मंडईत पालेभाजीचा गाळा आहे. तिने वॉर्ड ऑफिसात लेखी हरकत घेतली होती. पेपरात तिचा फोटो आला. परवा सकाळी लोक बघतात तर रिकाम्या चौथऱ्यावर कुणीतरी काळं फडकं बांधलेलं. तेव्हापासून गोवंडे मंडळी एरवी कधी नव्हती इतकी एक झाली होती. ज्यांचं वर्षानुवर्षं गॅलरीतल्या कुंड्यांवरून पटत नव्हतं, तेसुद्धा एका सुरात म्हणत होते की एक अक्षर बदलणार नाही.

"बारा वाजता सुदर्शन येईल," आमोदकाकाने सगळ्यांना बजावलं. सुदर्शन म्हणजे दगड कोरणारा. "त्याला सही केलेला कागद द्यायचा. उद्या छिन्नी लागली तरच शनिवारी, नऊ ऑगस्टला, अनावरण. आणि नियमाप्रमाणे सह्या थेट वारसांच्या हव्यात. म्हणजे बाबा आणि आत्या."

बाबा म्हणजे माधवआजोबा, दादांचा मुलगा. वय सत्त्याहत्तर, निवृत्त मास्तर. आत्या म्हणजे विमलआत्या, आजोबांची थोरली बहीण, वय नव्वद. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली. ती सगळ्या पिढ्यांची आत्याच. गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून ती गवार मोडत बसली होती.

"ओवी, सही करण्याआधी एकदा म्हणून दाखव बघू," आजोबा म्हणाले. "दगडावर जाण्यापूर्वी कानावर जाऊ दे."

ओवी वाटच बघत होती. ती कागदाच्या पायथ्याशी उभी राहिली, वेणी मागे टाकली आणि सुरू झाली. चौथ्या ओळीला हात पुढे गेला, स्थिर, झकास. काकूने टाळ्या वाजवल्या. ओवीची आई हेमा स्वयंपाकघराच्या दारातून हसली. ओवीचे बाबा कामासाठी बंगळुरूला होते, नाहीतर त्यांनी शिट्टी मारली असती.

"खोटं आहे ते," आत्या म्हणाली.

गवारीची शेंग तिच्या बोटांत तशीच होती, अर्धी मोडलेली.

"काय खोटं?" आमोदकाकाने विचारलं. "हात थरथरला होता, असं म्हणतेस?"

"हात थरथरला की नाही ते मी पाहिलं नाही. पोपट फितूर नव्हता."

"आत्या, ते जगदाळे लोक तुला भेटले का?"

"आमोद, त्या वेळी तू नव्हतास. त्यामुळे गप्प बसणं तुला सगळ्यात सोपं जाईल." तिने गवारीची परडी मांडीवरून खाली ठेवली. "ओवी, भोपळा सांग."

ओवीला भोपळा पाठ होता, भाषणाचा दुसरा परिच्छेद. "तेव्हाच्या घराच्या सज्जात लाल भोपळा ठेवलेला असायचा. अख्खा असला तर साथीदारांनी वर यायचं. कापलेला दिसला तर घरात पोलीस आहेत, वाट बदलायची."

"भोपळाच का?"

"कारण अख्ख्या भोपळ्यावर बायका सुरी चालवत नाहीत. पहिला घाव पुरुषाने घालायचा. म्हणजे चुकून कुणी कापेल ही भीतीच नाही."

"हं. घरात आई, आजी आणि मी. दादा भूमिगत. त्यामुळे घाव घालायचा तर भोपळा मंडईत भाजी विकणाऱ्या पोपटकडे न्यायचा. त्या खुणेचा अर्थ माहीत असलेला बाहेरचा माणूस तो एकटाच. पुढे सांग."

"त्रेचाळीसच्या जानेवारीत साध्या वेशातले दोन पोलीस घरात येऊन बसले," ओवी सांगू लागली. आवाज आपोआप व्यासपीठावरचा झाला होता, तो तिने मुद्दाम खाली आणला. "तुझ्या आईने त्यांना सांगितलं, उद्या नैवेद्य आहे, भोपळा कापून आणायचाय आणि घरात पुरुष माणूस नाही, मुलीला जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं. तू सात वर्षांची होतीस. तू पोपटकडे गेलीस. त्याने भोपळा न कापताच परत दिला, आणि तो सज्जात अख्खा बघून दादांचे साथीदार श्याम आणि सर्जेराव वर आले आणि पकडले गेले. श्याम येरवड्याच्या तुरुंगातच वारला, एकोणिसाव्या वर्षी."

"श्याम गेला, ते खरं. पोपटचं मात्र मी रचलं." आत्याने चष्मा काढून पदराला पुसला आणि परत लावला. "मी पोपटकडे गेलेच नाही."

आतमध्ये कुकरची शिट्टी झाली. हेमा गॅस बंद करायला वळली नाही.

"आजीने सांगून ठेवलं होतं. भोपळा म्हणजे घरचा कर्ता. घाव भलत्या वेळी पडला तर कर्ता जातो. भोपळा काखेत धरून मी जिना उतरले, आणि मला वाटलं, हा कापला तर दादा मरतील. देवळाच्या पायरीवर बसून राहिले. मग परत आले आणि तो होता तसा सज्जात ठेवला. आईला पोलिसांनी चुलीपाशी बसवलं होतं, तिला दिसलं नाही. मला वाटलं, मी दादांना वाचवलं."

आत्याच पुढे म्हणाली, "सहा दिवसांनी दादांनी मला एका ओळखीच्या घरी बोलावून घेतलं. समोर उभं केलं. 'पोपटला दिलास ना भोपळा?' मी मान हलवली. बोलले काहीच नाही, नुसती मान हलवली. पोपट शेवटपर्यंत म्हणत होता की माझ्याकडे कुणी आलंच नाही. आता सात वर्षांची पोर खोटी की भाजीवाला खोटा? तिसऱ्या दिवशी तो नदीपात्रात सापडला."

ओवीला एकदम जाणवलं की आपला उजवा हात अजून पुढेच आहे. तिने तो खाली घेतला. कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून पाठीमागे नेला.

"आत्या," आमोदकाका फार हळू, फार समजुतीने बोलायला लागला. असं तो वॉर्ड ऑफिसातल्या लोकांशी बोलायचा. "तुझं वय नव्वद आहे. काल चष्मा नाकावर असताना तू तो तासभर शोधत होतीस."

"चष्म्याचा मला पत्ता नसतो. याचा आहे."

"पण इतकी वर्षं—"

"दादांना कधी सांगितलंस?" माधवआजोबांनी मध्येच विचारलं. ते सोफ्यावर अगदी कडेला आले होते.

"एक्कावन्न साली. मी मॅट्रिक झाले त्या दिवशी. पेढे घेऊन गेले आणि सांगितलं. त्यांनी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला. म्हणाले, 'तू पोर होतीस. हुकूम माझा होता.' तेवढंच. त्यानंतर आमच्यात तो विषय कधी निघाला नाही."

"म्हणजे बाहत्तर साली ताम्रपट आला, तो त्यांनी परत पाठवला..."

"हो."

"मी तीस वर्षं वर्गात सांगितलं, माझ्या वडिलांना मानाची हाव नव्हती."

"हाव नव्हतीच, माधव. तोंडही नव्हतं."

ओवीने आजोबांकडे पाहिलं. त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते कागदाकडे बघत होते.

आमोदकाकाने दोन फेऱ्या मारल्या, कागदाला वळसा घालून. मग टाळी वाजवल्यासारखे हात जुळवले. "ठीक. चौथी ओळ काढून टाकू. पोपट नाही, फितूर नाही. जगदाळ्यांची हरकतही संपली, आपलाही प्रश्न संपला. कुणाला काही सांगायची गरज नाही."

सगळ्यांनी श्वास सोडला. काकू म्हणाली, "हे बरं." ओवीनेही सोडला, अगदी खरं सांगायचं तर सगळ्यात आधी तिनेच. ओळ गेली तर गेली, आंघोळीत दुसरी सुचेल. आणि मग तिला तो व्हिडिओ आठवला. हात पुढे केलेली ती, आणि खाली कुणीकुणी लिहिलेलं 'फितुरांचं हेच व्हायला हवं', त्याला तिने दिलेला बदाम.

"आणि व्हिडिओ?" ती म्हणाली.

"डिलीट करायला सांग शाळेला."

"चाळीस हजार लोकांच्या डोक्यातून कसा करायचा? काका, ओळ काढली तर पोपट जगदाळे फितूरच राहणार. फक्त दगडावर नाही राहणार, एवढंच."

"ओवी, तू लहान आहेस."

"आत्याही लहान होती."

हेमाने "ओवी" म्हटलं, पण दटावण्याच्या सुरात नव्हे. ओवीने दप्तरातून काळा मार्कर काढला, गुडघ्यांवर बसली आणि आपल्याच ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली. बटर पेपर करकरला. खाली तिने लिहिलं, शक्य तेवढ्या सुवाच्य अक्षरात: 'पोपट जगदाळे निर्दोष होते. त्यांना मारण्याचा हुकूम बद्रीनाथ गोवंडे यांचा होता.'

"हे स्मारक आहे की आरोपपत्र?" आमोदकाकाचा आवाज पहिल्यांदा फाटला. "अकरा वर्षं हेलपाटे घातलेत मी. अकरा. त्यांनी मला खांद्यावर बसवून त्या चौकातून फिरवलंय. उद्या लोक तिथे थांबतील आणि एवढंच वाचतील. बाकीचं दीड वर्ष कोण वाचणार?"

त्याचे डोळे भरले होते. ओवीला वाईट वाटलं. तिला मार्कर घेऊन जिंकायचं होतं, पण रडणाऱ्या काकाशी कसं जिंकायचं ते तिला माहीत नव्हतं.

उत्तर आत्याने दिलं. "तारा तोडल्या, तेही खरं. ते काढू नकोस. दोन्ही लिही. ज्या माणसाने तुला खांद्यावर घेतलं, त्याचा खांदा दोन्ही पेलण्याइतका रुंद होता. तुझा नसला तर तसं सांग."

"हे दगडावर जाणार नाही," आमोदकाका म्हणाला. "आणि ओवी, शनिवारी तू बोलणार नाहीयेस. यादीतून नाव काढतो."

"काढ," ओवी म्हणाली. म्हटलं ऐटीत, पण डोळ्यांपुढे शनिवार आला. पाहुणे, माईक, पंधराशे खुर्च्या. निळ्या काठाची साडीसुद्धा ठरली होती.

काकाने दुसरा कागद काढला, छोटा, ए-फोर. चौथी ओळ नसलेला मजकूर त्याने पेनाने लिहून काढला आणि पेनासकट आजोबांसमोर धरला. "बाबा, इथे करा. आत्याची तब्येत बरी नाही असं लिहू. एका वारसाची सही चालवून घेतील, मी बोलतो."

आजोबांनी पेन घेतलं. टोपण उघडलं. कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी तो पूर्ण वाचला, मास्तरांसारखा, ओळीखाली पेनाचं टोक नेत. मग टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं.

"बाबा?"

"पेन माझं आहे, आमोद."

"मग सही?"

"विमलताई करेल तिथे मी करेन."

आत्या उठली. तिला उठायला वेळ लागतो, आणि त्या वेळात कुणी मदत केलेली तिला खपत नाही. "मला मंडईत जायचंय," ती म्हणाली. "भाग्यश्रीच्या गाळ्यावर."

यावर मात्र सगळेच एकदम बोलू लागले. ऊन, गर्दी, पेपरवाले, लोक काय म्हणतील. या गलक्यातून सुरुचीकाकू चपलांच्या कपाटाकडे गेली आणि आत्याच्या चपला आणून तिच्या पायांशी ठेवल्या.

"सुरुची," आमोदकाका म्हणाला.

"चपला देते आहे, सही नाही," काकू म्हणाली. "आणि जायचं तर आत्ताच जा. लिफ्ट बारानंतर बंद आहे."

गेली सतरा वर्षं या हॉलमध्ये 'चहा कुणाकुणाला' याखेरीज फारसं काही न बोललेल्या हेमाने खुंटीवरची पिशवी घेतली. "मी येते बरोबर. भाजी आणायचीच होती."

रविवार सकाळची मंडई म्हणजे कुणाच्या पिशवीला कुणाचा हात ते कळत नाही. ओवी पुढे, वाट काढत. मागे आत्या, एक हात हेमाच्या हातात. भाग्यश्रीचा गाळा सापडायला अवघड नव्हता, पेपरातल्या फोटोत मागे दिसत होता तसाच: वर दिवा, खाली मेथी, चुका, शेपू. भाग्यश्री पंचेचाळिशीची असेल. केसांत पेन खोचलेलं. तिने ओवीकडे एकदाच पाहिलं.

"तू ती हातवाली ना?" ती म्हणाली. "काय देऊ?"

ओवीच्या तोंडातून शब्द फुटेना. पहिला नंबर, ट्रॉफी आणि सगळं असून. आत्याने गाळ्याच्या कठड्याला धरलं आणि सगळं सांगितलं, चार-पाच वाक्यांत, गवार मोडल्यासारखं. घरी सांगितलं त्याहून थोडक्यात. काहीही वगळलं नाही.

भाग्यश्री ऐकता ऐकता मेथीच्या जुड्या बांधत होती. एकीचा दोर तुटला. तिने दुसरा घेतला.

"माझे वडील नऊ महिन्यांचे होते," शेवटी ती म्हणाली. "शाळेत त्यांना फितुराचा पोरगा म्हणायचे. सातवीत शाळा सोडून गाळ्यावर बसले. मरेपर्यंत सांगायचे, माझा बाप तसा नव्हता. कुणाला पटलं नाही. आम्हाला सोडून."

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली.

"आहेच. मी नाही कुठे म्हणतेय?" तिने जुडी रचून ठेवली. "पण आजी, हे मला कशाला सांगता? मला माहीतच होतं. माहीत नाही ते यांना." तिने हनुवटीने समोरच्या गर्दीकडे दाखवलं.

"शनिवारी मी सांगणार होते," ओवी म्हणाली. "काकांनी यादीतून नाव काढलं."

"अगं बाई. मंडईत बोलायला यादीत नाव लागतं होय?" असं म्हणून भाग्यश्रीने खालचा रिकामा क्रेट पायाने बाहेर ढकलला आणि तो उलटा केला.

ओवीने आईकडे पाहिलं. हेमाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मान डोलावली. ओवी क्रेटवर चढली. उंचावरून सगळं वेगळंच दिसत होतं, डोकी, टोप्या, पाट्या, आणि कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. लक्ष कसं वेधून घ्यायचं ते तिला येत होतं. तिने छाती भरून श्वास घेतला. "ऐका हो, मंडळी," ती म्हणाली, आणि तो आवाज चार गाळे ओलांडून गेला. माणसं वळली. "मी ओवी गोवंडे—"

तिच्या कुर्त्याला खालून ओढ बसली.

"उतर," आत्या म्हणाली. "हे माझं आहे."

ओवी उतरली. माणसं जमत होती. कुणीतरी मोबाईल वर धरला. आत्या क्रेटवर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. "माझं नाव विमल बद्रीनाथ गोवंडे," ती म्हणाली. नव्वद वर्षांचा आवाज तो, जेमतेम समोरच्या तिघांपर्यंत पोचला. चौथा माणूस म्हणाला, "काय म्हणतायत आजी?"

ओवी तिच्या शेजारी उभी राहिली. हात दोन्ही खाली. "माझं नाव विमल बद्रीनाथ गोवंडे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

आत्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. ओवीने ते जसंच्या तसं उचललं. तिने काही घातलं नाही, काही सजवलं नाही. "मी सात वर्षांची असताना एका माणसाबद्दल खोटं बोलले. त्या खोट्यावरून माझ्या वडिलांनी त्याला मारायचा हुकूम दिला. तो माणूस फितूर नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या वडिलांना पुढे कळलं. आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही."

तराजू थांबले होते. कुठेतरी मागे कुणी शिवी हासडली. ती दादांना होती की ओवीला ते कळलं नाही. कुणी शिवी देणाऱ्याला गप्प करायला "शू" म्हणालं. एक म्हातारा गर्दीतून पुढे आला. "गोवंड्यांची बदनामी करताय," तो म्हणाला.

"मी गोवंडेच आहे," आत्या म्हणाली, आणि ओवीने तेही मोठ्याने सांगितलं.

"त्या माणसाचं नाव होतं पोपट जगदाळे," आत्या म्हणाली.

"त्या माणसाचं नाव होतं पोपट जगदाळे," ओवी म्हणाली.

गाळ्यामागे भाग्यश्री उभी राहिली होती. हात रिकामे होते. "तिकडच्या रांगेला गेलं नाही ऐकू," ती म्हणाली. "नाव परत सांग."

ओवीने परत सांगितलं.